साच्यातलं पोलाद हिंदकळलं की काय होतं? जालन्याच्या सळईचा दर्जा आणि कामगाराचा जीव काही मिलिमीटरवर

जालना : अर्धा भरलेला दुधाचा कॅन मोटारसायकलला बांधून खडबडीत रस्त्यानं डेअरीवर नेणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. कॅन गच्च भरलेला असला की दूध गप्प बसतं. अर्धा असला की हिंदकळतं, आणि एकदा का त्याला लय सापडली की गाडीचं हँडलसुद्धा ओढतं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस हाच खेळ चालू असतो. तिथं दुधाच्या जागी दीड हजार अंशांच्या वरचं वितळलेलं पोलाद असतं, एवढाच फरक.

सळईच्या कारखान्यात साच्यात पडणाऱ्या या पोलादाची पातळी किती हलते, यावर दोन गोष्टी ठरतात. गावाकडच्या घराच्या कॉलममध्ये जाणारी सळई कशी निघेल ही एक. आणि साच्याशेजारी उभा असलेला माणूस पाळी संपवून धडधाकट घरी जाईल का, ही दुसरी.

पोलादाची चर्चा सध्या सगळीकडं आहे. २०१८ पासून भारत पोलाद उत्पादनात चीनच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणानं २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचं लक्ष्य ठेवलं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला, जालन्याचा माल थेट मुंबईकडं जायची सोय झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. पण बोलणं सगळं टनांचं आणि कोटींचं होतं. मिलिमीटरचं कुणी बोलत नाही, आणि सळईचं खरं नशीब तिथंच अडकलेलं आहे.

सळई होण्याआधी

जालन्यातले बहुतेक कारखाने भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात. तिथून पोलाद लॅडलमध्ये, म्हणजे क्रेनला लटकणाऱ्या मोठ्या बादलीत येतं. लॅडलमधून टंडिशमध्ये, म्हणजे पसरट हौदात. हौदाच्या तळाला भोक, भोकाला नोझल, आणि नोझलमधून बोटाएवढी धार खाली साच्यात पडते.

हा साचा म्हणजे तांब्याची चौकोनी नळी, वरून खालून दोन्हीकडून उघडी. बाहेरून पाणी खेळवलेलं असतं. पोलाद तांब्याला टेकलं की त्याला कडेनं साय धरते, दुधाला धरते तशी, पण चारी बाजूंनी उभी. आतलं पातळच असतं. खालून रोलर ही साय धरलेली कांडी सतत ओढत राहतात, वरून धार सतत पडत राहते. बाहेर आल्यावर तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात, ती पूर्ण गोठते, मग तुकडे पाडतात. त्या तुकड्याला बिलेट म्हणतात. बिलेट लाटून सळई होते. या सगळ्या यंत्राला कारखान्यात सीसीएम म्हणतात.

पूर्वी छोट्या कारखान्यांत सुटे साचे मांडून त्यात पोलाद ओतायचे आणि एक-एक इंगोट काढायचे. सीसीएम आलं तसा वेळ वाचला, नासाडी कमी झाली. सतत ओतायची कल्पना तशी जुनी. इंग्लंडच्या हेन्री बेसेमरनं ती १९ व्या शतकातच मांडली होती. पण गोठणारा धातू साच्याला चिकटून बसायचा. जर्मनीच्या सिगफ्रिड युंगहान्सनं १९३० च्या दशकात साचाच खाली-वर हलवायची युक्ती काढली, तेव्हा गाडी पुढं सरकली.

इथं एक घोळ होतो, तो आधीच मिटवलेला बरा. सीसीएमवर दोन हालचाली असतात. साचा मुद्दाम हलवतात, मिनिटाला शंभर-दोनशे वेळा, काही मिलिमीटर खाली-वर. ती हवीच. वडी थापायच्या ताटाला तुपाचा हात फिरवतात, तसं साच्याच्या भिंतीवरून तेल सोडतात. गंमत म्हणजे या कामाला जगभर रेपसीडचं, म्हणजे आपल्या मोहरीच्या जातकुळीतलं तेल वापरत आले आहेत. साचा हलल्यानं ते तेल पोलाद आणि तांब्याच्या मधे उतरतं. दुसरी हालचाल म्हणजे साच्यातल्या पोलादाच्या पृष्ठभागाचं आपोआप वर-खाली होणं, डुचमळणं. ती कुणालाच नको असते, आणि सगळं दुखणं तिचं आहे.

हिशेब सेकंदांचा

१२५ मिलिमीटर चौरस बिलेट मिनिटाला ३ मीटर वेगानं निघतंय असं धरा. म्हणजे सेकंदाला ५ सेंटिमीटर. एवढ्यात सेकंदाला सुमारे ६ किलो पोलाद साच्यात पडतं आणि तेवढंच खालून निघून जातं. आवक आणि जावक बरोबर असेल तोवर पातळी जागेवर राहते.

आता टंडिशमधलं पोलाद ५० सेंटिमीटरवरून ४० वर आलं, कारण लॅडल बदलायला उशीर झाला. ठिबकची टाकी अर्धी झाली की शेवटच्या ओळीला पाणी कमी येतं, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. धार साधारण दहा टक्क्यांनी बारीक होते. खालून ओढायचा वेग तोच ठेवला, तर साच्यातली पातळी सेकंदाला ५ मिलिमीटरनं खाली जाते. दहा सेकंदांत ५ सेंटिमीटर. तंबाखू मळायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मोठ्या आधुनिक कारखान्यांत ही पातळी ३ ते ५ मिलिमीटरच्या आत सांभाळायचा प्रयत्न असतो. यावरून अंदाज यावा.

पातळी हलायची कारणं एक नाहीत. टंडिशमधलं पोलाद कमी-जास्त होणं हे सगळ्यात साधं. नोझलच्या तोंडाशी ॲल्युमिनाचा थर जमतो, ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसतात तसा, आणि धार वाकडी पडायला लागते. मधेच तो थर निसटतो आणि धार एकदम जाड होते. पोलाद फार गार झालं तरी नोझल आवळतं, फार गरम असलं तर साय पातळ राहते. धार साच्याच्या मधोमध न पडता कडेला पडली तर एका बाजूला लाट उठते.

आणि लाटेचा स्वतःचा एक झोका असतो. एक मीटर रुंदीच्या साच्यात तो साधारण सेकंदाला एक असतो, बिलेटच्या लहान साच्यात सेकंदाला अडीचच्या आसपास. झुल्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो वर-वर जातो, तसं बाहेरच्या धक्क्यांची लय या झोक्याशी जुळली की लाट वाढत जाते. पोलाद पाण्यापेक्षा सातपट जड, तरी झोक्याचा काळ दोघांचा जवळपास सारखाच. वितळलेलं पोलाद वाहायलाही पाण्यासारखंच. म्हणून संशोधक काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक साच्यात साधं पाणी सोडून पोलादाच्या लाटा अभ्यासतात.

अजून एक कारण आहे, ते माणसाच्या स्वभावातलं. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई पाणी हिंदकळलं तरी मान फार हलवत नाही. नवशिका सावरायला जातो आणि जास्त सांडतो. साच्यावरही तेच. पातळी जराशी उतरली की वेग एकदम कमी करायचा, मग ती चढली की एकदम वाढवायचा. असं करणाराच लाट पेटवतो. ही चूक संगणकसुद्धा करतो. नियंत्रण फार तापट लावलं तर यंत्र स्वतःच पातळीला झोके द्यायला लागतं.

डोळा की यंत्र

मोठ्या कारखान्यांत साच्याला पातळी मोजणारी यंत्रणा असते. काही ठिकाणी विद्युतचुंबकी, तर काही ठिकाणी सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी स्रोताची. एका बाजूनं किरण सोडायचे, दुसऱ्या बाजूला किती पोचले ते मोजायचं, मधे पोलाद जेवढं वर तेवढे किरण अडतात. असा स्रोत ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि तो भंगारात जाऊन चालत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सुटलं होतं, त्यात एक माणूस गेला. भंगारावर चालणाऱ्या गावानं ती घटना विसरू नये.

रायगड जिल्ह्यातल्या डोलवीला पातळ स्लॅब ओतण्याचं यंत्र आहे. पातळ स्लॅब बिलेटपेक्षा वेगानं निघते, त्यामुळं तिथं पृष्ठभाग शांत ठेवणं हे आणखी नाजूक काम. जगभर अशा यंत्रांवर चुंबकाचं क्षेत्र लावून आतली धार मंद करायची सोय करतात. तिला चुंबकी ब्रेक म्हणतात.

छोट्या कारखान्यांचं गणित वेगळं. देशातल्या अनेक छोट्या सीसीएमवर धार उघडी पडते आणि एक माणूस निळ्या काचेतून साच्यात बघत उभा असतो. पातळी उतरली की ओढायचा वेग कमी, चढली की जास्त. हातात एक बटण किंवा फिरकी आणि दुसऱ्या हातात लोखंडी गज. काहिलीतल्या रसावरची मळी काढावी तशी तो पोलादावर तरंगणारी मळी गजानं ओढून काढतो. काम बघायला सोपं, करायला अवघड. चांगला ऑपरेटर तयार व्हायला वर्षं जातात, हे कारखानदारही जाणतात. तरी सुट्टी आली, माणूस गावी गेला की त्याच्या जागी हेल्पर उभा राहण्याची वेळ येते.

मळी वेळेवर निघाली नाही आणि त्याच क्षणी पातळी उसळली, तर ती मळी कडेच्या साईत गुंतून खाली जाते. तेवढ्या जागी उष्णता नीट बाहेर पडत नाही, साय पातळ राहते. साच्यातून बाहेर पडताना या सायीची जाडी जेमतेम १० ते १२ मिलिमीटर असते. आतमध्ये सगळं लाल पाणी. पातळ जागा फुटली की पोलाद बाहेर. त्याला ब्रेकआउट म्हणतात, आणि हा शब्द सीसीएमवरच्या प्रत्येक बिहारी, उत्तर प्रदेशी आणि मराठवाडी पोराला पहिल्या आठवड्यात कळतो.

पाण्याची भीती

पातळी चढून साच्याच्या वरून सांडली, किंवा खाली ब्रेकआउट झाला, तर खरा धोका पोलादाचा जेवढा तेवढाच पाण्याचा. सगळीकडं पाण्याच्या नळ्या, फवारे, ओली जमीन. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. उघड्यावरचं पाणी उडून जातं. वितळलेल्या पोलादाखाली दाबलं गेलेलं पाणी स्फोट करतं. एक तांब्या पाणी पुरतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार जखमी झाले. तो प्रकार भट्टीवरचा होता, साच्यावरचा नव्हता, आणि दोन्हींची सरमिसळ करणं बरोबर नाही. पण वितळलेलं लोखंड अंगावर आल्यावर काय होतं ते जिल्ह्यानं तेव्हा पाहिलं.

विजेचाही इथं संबंध आहे. ओतणं चालू असताना वीज गेली तर रोलर थांबतात आणि पंपही थांबतात. धार मात्र थांबत नाही, ती वजनानं पडते. म्हणून उंचावर आणीबाणीची पाण्याची टाकी ठेवायची असते, म्हणजे साच्याला विजेशिवाय पाणी मिळत राहतं. ती टाकी भरलेली आहे का आणि तिचा व्हॉल्व्ह उघडतो का, हे किती ठिकाणी रोज पाहिलं जातं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

सळईत काय उतरतं

आता घर बांधणाऱ्याचा भाग. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सळईवर तो आधीपासून १८ होता. घरकुलाच्या अनुदानात बसवायचं म्हणून माणूस किलोचा दर विचारतो आणि गप्प बसतो.

साच्यात पातळी हलली की बिलेटवर खोल वळ्या पडतात, बारीक भेगा येतात, मळी रुतते, कधी चौकोन तिरका होतो. यातलं बरंचसं लाटताना झाकून जातं, काही खवल्यांबरोबर गळून पडतं. सगळंच सळईत येतं असं नाही. पण जे येतं ते सळईच्या अंगावर लांबट चीर होऊन येतं आणि सळई वाकवली की तिथं तोंड उघडतं.

इथं एक बदल लक्षात घ्यायला हवा. पूर्वी बिलेट थंड करून ठेवायचे, मग पुन्हा तापवून लाटायचे. आता बऱ्याच कारखान्यांत लाल बिलेट थेट रोलिंगला जातं. इंधन वाचतं, पैसा वाचतो, धूर कमी होतो, ते चांगलंच आहे. पण थंड बिलेट उलटंपालटं करून पाहता येतं, खराब असलं तर बाजूला टाकता येतं. लाल बिलेट तसं पाहता येत नाही. म्हणजे साच्यावर झालेली चूक पकडायची जी एक जागा होती, तीच गेली. अशा कारखान्यात साच्याची पातळी सांभाळणारी यंत्रणा जास्त चांगली हवी. थेट रोलिंग घेतलं आणि साच्यावर मात्र हेल्परचा डोळा, हे जुळत नाही.

सळईचं प्रत्येक दुखणं साच्यावर ढकलणंही चूक. इंडक्शन भट्टीत फॉस्फरस आणि गंधक काढायला फार वाव नसतो. भंगार जसं तसं पोलाद. आयएस १७८६ मध्ये एफई ५०० डी या प्रतीला फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी जास्तीत जास्त ०.०४० टक्के आणि ताण किमान १६ टक्के मागितला आहे. साध्या एफई ५०० ला मर्यादा ०.०५५ आणि ताण १२. ही रसायनाची बाजू, तिचा पातळीशी संबंध नाही. वजन कमी भरणं ही तिसरीच भानगड, ती रोलिंगची.

घेणाऱ्याला साचा दिसणार नाही, पण रिंग दिसते. ८ मिलिमीटरची सळई रिंगसाठी सगळ्यात जास्त कोनात वाकते. फिटर रिंगा पाडत असताना वाकलेल्या बाजूच्या बाहेरच्या अंगावर बघावं. केसासारखी चीर दिसली तर तो गठ्ठा परत द्यायचा. सळईवर ठसा असतो, त्यात कंपनीचं नाव, प्रत आणि आयएसआयची खूण. पावतीवर किंवा लेबलवर सीएम/एल क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना चालू आहे का ते कळतं. वजनासाठी १२ मीटरची सळई धरा: ८ मिलिमीटर ४.७४ किलो, १० मिलिमीटर ७.४० किलो, १२ मिलिमीटर १०.६६ किलो. थोडा फरक मानकात चालतो, बारीक सळईत जास्त, जाड सळईत कमी. किलोभर फरक यातल्या कुठल्याच सळईत चालत नाही.

वेग कोण ठरवतं

सगळ्याच्या मुळाशी वेग आहे. त्याच यंत्रातून जास्त टन काढायचे तर ओढायचा वेग वाढवायचा. वेग वाढला की साय पातळ, धार जाड, पृष्ठभाग खळबळलेला, आणि चूक सुधारायला मिळणारे सेकंद कमी. जिथं कामाचा ठेका टनावर असतो तिथं वेग कमी करणाऱ्या ऑपरेटरचं स्वतःच्याच टोळीत कुणी कौतुक करत नाही. ठेकेदार वेग मागतो, मालक टन मागतो, बाजार स्वस्त सळई मागतो. साच्यातली पातळी मात्र कुणाचं ऐकत नाही.

पातळी मोजणारं स्वयंचलित यंत्र महाग आहे, ही कारखानदारांची अडचण खोटी नाही. पण एका ब्रेकआउटमध्ये साचा जातो, ती धार बंद पडते, टंडिशमधलं पोलाद वाया जातं. हा हिशेब यंत्राच्या किमतीशेजारी मांडला तर अडचण तेवढी मोठी राहत नाही. सरकार नव्या प्रकल्पांना सवलती देतं तेव्हा क्षमता आणि रोजगार विचारतं. साच्यावर यंत्रणा आहे का, हे त्या अर्जात एका ओळीत विचारायला काय हरकत आहे?

सोयाबीन निघालं की घनसावंगी, मंठा, परतूरकडची पोरं कामाला जालन्याला येतात. बरीचशी ठेकेदारामार्फत. नव्या संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं आहे, आणि चाळिशीपुढच्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची आहे. महिन्याला २१ हजारापर्यंत पगार असणारा ईएसआयसीच्या मर्यादेत येतो. पत्र हातात नसलं की अपघातानंतर आधी तो कामावर होता हेच सिद्ध करावं लागतं.

पोरगं निघालं की घरातले पगार आणि राहायची सोय विचारतात. त्याच्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. काम यार्डात की सीसीएमवर? सीसीएमवर असेल तर किती दिवस जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली ठेवणार? चांदीसारखा चमकणारा कोट, तोंडाची ढाल आणि चामड्याचे बूट पहिल्या दिवशी मिळणार की पहिल्या पगारानंतर? साच्याच्या प्लॅटफॉर्मवरून उतरायला दोन वाटा आहेत का, आणि त्या मोकळ्या असतात का? आणि घरून जाताना बॅगेत टेरिकॉट, नायलॉनचे कपडे न भरता जाडे सुती भरावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, सुती कपडा जळाला तरी झटकता येतो.